तपासणी आधी कुणाची?

जबलपूरच्या कांचघर भागातल्या एखाद्या गल्लीतलं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा नागपूरकडून आले ते नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हा, म्हणजे १९५६ च्या आधी, आणि इथल्या कारखान्यात नोकरीला चिकटले. तिसरी पिढी आता इथलीच झाली आहे. घरात बोलणं मराठीत, पण भांडण हिंदीत. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, गणपती बसतो आणि लग्नाला सहा वर्षं झालेल्या सुनेला दर सणाला कुणी तरी विचारतंच, "काय गं, काही गोड बातमी?"

या घराला नाव द्यायची गरज नाही. असं घर प्रत्येकाच्या ओळखीत असतं.

सुनेच्या नावाची एक जाडजूड फाइल कपाटात आहे. तीन वेळा सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा क्ष-किरण, थायरॉइड, हार्मोन्स, शेवटी दुर्बिणीतून तपासणी. सगळे अहवाल बरे आहेत. मधल्या काळात ग्वारीघाटावर नर्मदामाईची ओटी भरून झाली, दोन उपास वाढले, एक ताईत गळ्यात आला. आणि मुलाची फाइल? ती नाहीच. कुणी विषय काढलाच तर सासूबाई म्हणतात, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे. दोन जिने चढला तरी दम लागत नाही."

जिने चढण्याचा आणि मूल होण्याचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना कुणी सांगितलेलं नाही. खरं तर त्यांच्या मुलालाही कुणी सांगितलेलं नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण असतं. कधी ते एकटंच असतं, कधी स्त्रीच्या कारणाच्या जोडीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे ही काही दुर्मीळ आपत्ती नव्हे. दुर्मीळ आहे ती नवऱ्याची वेळेवर झालेली तपासणी.

धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसेल, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. वृषणाची कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. दाढीमिशा, भरदार आवाज, स्नायू आणि कामेच्छा यांच्यामागे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असतं. ते तयार करणाऱ्या पेशी नलिकांच्या बाहेर, मधल्या जागेत असतात. शुक्राणू तयार होतात ते नलिकांच्या आत. बाहेरचा विभाग ठणठणीत चालू आणि आतला बंद, असं होऊ शकतं. वैवाहिक संबंध अगदी सुरळीत असतात, वीर्यही नेहमीसारखंच दिसतं, कारण त्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींमधून येतो. शुक्राणू आहेत की नाहीत, हे फक्त सूक्ष्मदर्शक सांगतो.

या नलिका केसासारख्या बारीक आणि वेटोळ्या असतात. एका वृषणातल्या सगळ्या उलगडून जोडल्या तर लांबी काहीशे मीटर भरेल. त्यांच्या आतल्या कडेनं उंच, फांद्या फुटलेल्या झाडांसारख्या पेशी दाटीनं उभ्या असतात. १८६५ मध्ये एन्रिको सर्टोली या इटालियन तरुणानं त्यांचं वर्णन केलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी या सर्टोली पेशींच्या कुशीत वाढतात. त्यांना अन्न पुरवणं, केरकचरा उचलणं, तयार झालेल्यांना वाटेला लावणं हे सगळं त्याच करतात. दाईपण म्हणा हवं तर.

पण त्यांचं सर्वांत मोठं काम पहाऱ्याचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही संशोधकांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. बहुतेक सगळे अवयव रंगले, पण मेंदू आणि वृषणातल्या नलिकांचा आतला भाग कोरा राहिला. म्हणजे तिथे कसली तरी भिंत होती. ती नेमकी कुठे आहे हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९७० मध्ये मार्टिन डिम आणि डॉन फॉसेट यांनी उंदरांच्या वृषणात दाखवून दिलं, की शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून रक्तातले पदार्थ सहज पलीकडे जात नाहीत. या शिवणीमुळे नलिकेचे दोन कप्पे होतात. बाहेरच्या कप्प्यात मूळ पेशी राहतात, आतल्या कप्प्यात शुक्राणू घडतात.

शरीराला आपल्याच घरात भिंत कशाला लागते? कारण शरीराची संरक्षणव्यवस्था आपलं कोण आणि परकं कोण, हे मुख्यतः जन्माच्या आसपास शिकते. शुक्राणू येतात ते बाराव्या-चौदाव्या वर्षी. त्यांच्या अंगावरची कित्येक प्रथिनं पहारेकऱ्यांनी कधी पाहिलेलीच नसतात. उशिरा आलेल्या या पाहुण्यांना चोर समजून झोडपलं जाऊ नये, म्हणून वयात येतानाच ही भिंत उभी राहते.

पहारेकऱ्यांची गाठ पडली तर काय होतं, याचा अनुभव आपल्या देशाला मोठ्या प्रमाणावर आला आहे. १९७६-७७ या एका वर्षात भारतात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यातल्या कितीकांच्या गळी ती कशी उतरवली गेली, हा वेगळा आणि कडवट इतिहास. नसबंदीनंतर शुक्राणू तयार होतच राहतात, फक्त वाट बंद असते. मग साठलेल्या शुक्राणूंचे अंश भिंतीबाहेर रक्ताच्या संपर्कात येतात. नसबंदी झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडं सापडतात. त्यानं प्रकृतीला अपाय होत नाही, त्यामुळे नसबंदीला भिण्याचं कारण नाही. पण पुढे कधी नळी पुन्हा जोडून घेतली, तर ही प्रतिपिंडं शुक्राणूंना चिकटून त्यांची चाल मंदावू शकतात. नळी जोडली, शुक्राणू आले, तरी मूल नाही, यामागचं एक कारण हेही असतं.

आता एक पेच पडतो. मूळ पेशी भिंतीच्या बाहेर आणि शुक्राणू भिंतीच्या आत, तर मधल्या अवस्थेतल्या पेशी भिंत न पाडता आत जातात कशा?

जुन्या वाड्याची देवडी आठवा. बाहेरचा दरवाजा, मग पहारेकऱ्यांची जागा, मग आतला दरवाजा. माणूस देवडीत आला की पाठीमागचा दरवाजा लागतो आणि मगच पुढचा उघडतो. दोन्ही दारं एकदम सताड उघडी कधीच नसतात. नलिकेत हेच घडतं. पुढे सरकणाऱ्या पेशीच्या पाठीमागे नवी शिवण तयार होते आणि त्यानंतर तिच्या पुढची जुनी शिवण उसवते. पेशी आत जाते, भिंत अभंग राहते. हे आयुष्यभर, नलिकेच्या लांबीभर, कुठे ना कुठे चालूच असतं.

हे दरवाजे कधी उघडायचे, मूळ पेशीनं कधी घडायला सुरुवात करायची, याचा इशारा कोण देतं? इथे स्वयंपाकघरातली एक ओळखीची गोष्ट येते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पपई, आंबा, तूप, अंडी यांतून मिळणारं 'अ' जीवनसत्त्व.

'अ' जीवनसत्त्व म्हटलं की रातांधळेपणा आठवतो आणि ते बरोबरच आहे. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचा डोस पाजतात तो त्यासाठीच. पण १९२५ मध्येच वोल्बाख आणि हाउ या अमेरिकी संशोधकांनी नोंदवलं होतं, की हे जीवनसत्त्व न मिळालेल्या नर उंदरांची वृषणं सुकतात. गुरांच्या डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे. महिनोन् महिने नुसत्या वाळलेल्या कडब्यावर राहिलेल्या वळूच्या यकृतातला साठा संपला की वीर्याची प्रत घसरते आणि हिरवा चारा मिळू लागला की हळूहळू सुधारते.

१९६३ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. 'अ' जीवनसत्त्व शरीरात गेल्यावर त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं आणि बहुतेक पेशींना तेच हवं असतं. संशोधकांनी उंदरांना जीवनसत्त्वाऐवजी थेट हे तयार आम्लच दिलं. उंदीर वाढले, गुटगुटीत दिसले. पण ते आंधळे झाले आणि नर वांझ झाले! डोळ्याचं कोडं लवकर सुटलं, कारण दृष्टीला जीवनसत्त्वाचं वेगळं रूप लागतं. वृषणाचं कोडं मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं.

त्याचं उत्तर पुन्हा भिंतीपाशीच सापडतं. नलिकेभोवतीच्या पेशींमध्ये एक विकर असतं, ते रक्तातून येणारं तयार रेटिनॉइक आम्ल वाटेतच मोडून टाकतं. कच्चा माल मात्र आत जातो. यकृतातून निघालेलं रेटिनॉल सर्टोली पेशी आत घेतात, साठवतात आणि तिथल्या तिथे गरजेपुरतं आम्ल तयार होतं. बाहेरचं तयार जेवण चालत नाही, शिधा द्या, आम्ही घरी शिजवू, असा हा सोवळ्याचा प्रकार. त्यामागे कारण आहे. आम्ल सतत मिळून उपयोग नसतो, ते ठरावीक वेळी लाटेसारखं यावं लागतं. लाट आली की नलिकेच्या त्या भागात मूळ पेशी घडायला लागतात, काही पेशी गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाकडे वळतात, शिवणीची उसवण-बांधणी होते आणि तयार झालेले शुक्राणू सुटतात. चारही कामं साधारण एकाच मुहूर्तावर. प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये हा इशारा बंद केला तर मूळ पेशी तशाच खोळंबून राहतात आणि भिंतही गळायला लागते.

याच गोष्टीचा पुरावा एका फसलेल्या औषधानं दिला. १९६० च्या सुमारास अमेरिकेत तुरुंगातल्या कैद्यांना एक गोळी देऊन पाहिली. काही आठवड्यांत त्यांचे शुक्राणू जवळजवळ नाहीसे झाले आणि गोळी थांबवल्यावर परत आले. पुरुषांची गर्भनिरोधक गोळी सापडली, असं वाटलं. पण ती घेऊन कुणी दारू प्यायलं की छाती धडधडायची, उलट्या व्हायच्या, जीव घाबरा व्हायचा. औषध बासनात गेलं. दारू पचवणारं आणि रेटिनॉइक आम्ल बनवणारं विकर एकाच घराण्यातली आहेत आणि ती गोळी दोघांनाही अडवत होती, हे स्पष्ट व्हायला २०११ उजाडलं. आता त्याच वाटेवर नवी गोळी येऊ पाहते आहे. ती आम्ल बनण्याआड येत नाही, पेशीतला त्याचा इशारा झेलणारा भाग अडवते. तिची सोळा पुरुषांवरची सुरक्षिततेची पहिली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारात यायला तिला अजून बरीच मजल मारायची आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "मग काय, 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू करूया!" कांचघरातल्या आपल्या घरातला मुलगा नेमकं हेच करतो आहे. भिंतीवर रंगवलेली जाहिरात वाचून तो गुपचूप एका 'शर्तिया इलाज'वाल्याकडे जातो. तिथे त्याला जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल आणि 'ताकदीची' इंजेक्शनं मिळतात. शिवाय, "बहूजी को भी यही देना," असा सल्ला.

यातल्या तीनही गोष्टी धोक्याच्या आहेत. शरीरात जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढल्यानं फायदा होतो, पण पोटभर वरण-भात-भाजी, दूध खाणाऱ्या पुरुषात जास्तीच्या 'अ' जीवनसत्त्वानं शुक्राणू वाढतात, असा पुरावा नाही. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही. ते यकृतात साठतं आणि अति झालं तर डोकेदुखी, मळमळ, केस गळणं, हाडं दुखणं इथपासून यकृत बिघडण्यापर्यंत मजल जाते. इतर गोळ्यांची कथाही फार वेगळी नाही. जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची अमेरिकेत २३७० जोडप्यांवर रीतसर चाचणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आले, त्यात ना वीर्य सुधारलं होतं, ना बाळांची संख्या वाढली होती.

इंजेक्शन तर सरळ उलटं काम करू शकतं. अशा इंजेक्शनात टेस्टोस्टेरॉन असेल तर मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वृषणाला हुकूम पाठवणं बंद करतो आणि असलेले शुक्राणूही आटतात. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी घेतली जाणारी काही औषधं याच जातीची. मूल हवं म्हणून घेतलेल्या औषधानंच मूल लांबणीवर पडतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

आणि बायकोला तीच कॅप्सूल देणं हा तर कहर. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस गेला तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. गरोदर किंवा गरोदर होऊ पाहणाऱ्या स्त्रीनं औषधरूपानं दिवसाला १०,००० एककांपेक्षा जास्त घेऊ नये, ही मर्यादा आहे. मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन ही गोळीही याच कुळातली, तीही या काळात पूर्ण वर्ज्य. भोपळा, पालेभाजी, गाजर यांना असली मर्यादा नाही, कारण त्यातल्या रंगद्रव्याचं शरीर गरजेपुरतंच जीवनसत्त्वात रूपांतर करतं. फक्त भाजीला थोडी तेलातुपाची फोडणी हवी, त्याशिवाय ते नीट शोषलं जात नाही.

भिंतीला खरा उपद्रव होतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. तंबाखूच्या धुरात कॅडमियम हा धातू असतो आणि प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये ही भिंत फोडणारा पदार्थ म्हणून तो फार पूर्वीपासून बदनाम आहे. जबलपूरचा प्रदेश विड्यांसाठी प्रसिद्ध, पण विडी सिगारेटपेक्षा बरी, हा समज सोडून द्यावा. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून भट्टीजवळ तासन् तास काम, मांडीवर तापलेला लॅपटॉप, तंग कपडे यांचाही विचार व्हावा. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड वृषणांवर उतरू शकतात.

बरं, तपासणी तरी किती अवघड? सुनेच्या दुर्बिणीच्या तपासणीला भूल लागली, टाके पडले. मुलाच्या तपासणीला एक डबी लागते. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा, शक्यतो प्रयोगशाळेतच. घरून न्यायचा तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवायचा. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली संदर्भासाठीची खालची पातळी आहे. आकडा त्याखाली आला म्हणजे सगळं संपलं असं नाही आणि वर आला म्हणजे मूल होणारच असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने आणि बाहेर पडायला आणखी एक-दोन आठवडे लागतात. त्यामुळे आजचा अहवाल तीन महिन्यांपूर्वीची कथा सांगतो. तेव्हा मोठा ताप येऊन गेला असेल तर तो आज दिसेल. म्हणून एका वाईट अहवालावर कुणी निकाल देत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

अगदी शून्य आकडा आला तरी दोन शक्यता उरतात. कारखाना चालू आहे पण वाट बंद आहे, किंवा कारखानाच मंद आहे. पहिल्या प्रकारात वृषणातून शुक्राणू काढता येतात. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार त्या कामात बरोबर होते. तेव्हा त्या पद्धतीला हजारो चांगले शुक्राणू लागत. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडून गर्भ रुजवला आणि ही अट संपली. खर्च मात्र मोठा आहे, म्हणूनच आधी साध्या तपासणीनं नेमकं कारण कळणं महत्त्वाचं.

आपल्या घरातली गोष्ट अशी पुढे सरकते. शेवटी सूनच एका रात्री म्हणते, "अहो, माझे सगळे रिपोर्ट झाले. आता तुम्ही एकदा चला ना. मी येते बरोबर." तो आठवडाभर गप्प राहतो, मग एका शनिवारी निघतो. अहवालात आकडा कमी येतो, शून्य नाही. डॉक्टर विडी बंद करायला सांगतात, त्या कॅप्सूल आणि इंजेक्शनं आधी बंद. मग ते प्रश्न विचारतात. गालगुंड झाले होते का? हर्नियाचं ऑपरेशन? लहानपणी दोन्ही वृषणं खाली उतरलेली होती का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येत नाही. वृषण पोटातून खाली उतरलं नसेल तर वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ते खाली आणावं लागतं. उशीर झाला तर पोटातल्या उष्णतेनं मूळ पेशी मरत जातात. पण स्वतःच्या पहिल्या वर्षात काय झालं, ते कुणाला आठवतं?

घरी आल्यावर तो आईला विचारतो. सासूबाई हातातली तांदळाची परात खाली ठेवतात. "एका बाजूचं वर होतं खरं," त्या सावकाश म्हणतात. "तुझी आजी म्हणाली, मोठा झाला की येईल आपोआप. पाचवीत होतास तेव्हा ऑपरेशन केलं. हर्नियाचं म्हणून सांगितलं होतं आम्ही सगळ्यांना." मग सुनेकडे न बघताच त्या विचारतात, "पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी आले तर चालेल का गं?"